खालचे मास्तर

१

रविवारी सकाळी साडेसहाला दाजी माझं दार वाजवायचे आणि पावणेसातला आमचं भांडण सुरू व्हायचं. विषय ठरलेला असायचा: आज कोणता गळ लावायचा.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. धंद्याने शिंपी. पन्नास वर्षं त्यांनी बंदराच्या रस्त्यावरच्या एका खोलीत कोट शिवले, त्यामुळे सगळं गाव त्यांना मास्तर म्हणतं. मी छापखान्यात एकतीस वर्षं मुद्रितं तपासली. लोकांच्या चुका काढण्याचा पगार खाल्ला, असं ताई म्हणते. निवृत्त झाल्यावर आम्ही दोघांनी मिळून एक जुनी होडी घेतली. दोन वल्ह्यांची, तीन माणसं जेमतेम मावतील एवढी. मासेमारीतलं दोघांनाही काही कळत नव्हतं. फरक इतकाच, की मी त्यावरची पुस्तकं वाचली होती आणि दाजींना वाचायची गरज वाटत नव्हती.

गळाच्या नंबराची गंमत अशी, की नंबर जितका मोठा तितका गळ लहान. हे दाजींनी कधीच मान्य केलं नाही.

"चाळीस छातीचा कोट छत्तीसपेक्षा लहान असतो का?" ते विचारायचे.

"दाजी, हा कोट नाही."

"माप ते माप. तुझ्या पुस्तकात छपाईची चूक असेल, पंडित. तू तपासलं नसशील."

गळ, दोऱ्या, शिसं असलं सगळं विकणाऱ्या बाईंचं दुकान धक्क्याच्या तोंडाशीच होतं. या बाई आयुष्यात कधी होडीत बसल्या नव्हत्या. धक्क्यावर उभं राहिलं तरी त्यांना मळमळायचं. पण कोणत्या पाण्याला काय लावायचं, हे त्या डॉक्टरने औषध सांगावं तसं सांगायच्या. "तळाला ओढ आहे ना? मग शिसं चपटं घ्या. गोल शिसं घरंगळत जातं." आम्ही मान डोलवायचो आणि गोल शिसं घेऊन निघायचो, कारण दाजींना चपटं आवडत नसे आणि मला त्यांच्याशी एका सकाळी दोनदा भांडायचं नसे.

दाजींची पद्धत सरळ होती. जाड दोरी, आकड्यासारखा गळ, अख्खा बांगडा आमिष म्हणून, आणि धपकन तळाला. मी बारीक दोरी, बारीक गळ लावून प्रवाहाबरोबर सोडायचो. चौदा महिन्यांत आमच्या दोन्ही पद्धतींना मिळून एक खेकडा, एक चप्पल आणि दाजींची स्वतःची टोपी एवढं सापडलं होतं.

"आज काय आणलंत?" ताई दारातच विचारायची. "टोपी आणलीत की चप्पल?"

२

होड्यांना खूण म्हणून समुद्रात एक लाल बोया तरंगत असतो, त्याच्या थोडं अलीकडे एक जागा आहे. तिथे पाणी अकरा वाव खोल. वाव म्हणजे दोन्ही हात पसरले की जेवढी दोरी होते तेवढी. दाजींनी ती जागा निवडली, कारण तिथे होडी कमी हलते आणि त्यांना डुलकी काढता येते.

त्या रविवारी त्यांनी दोरी सोडली, अर्धा तास बसले, आणि आमिष शिल्लक आहे का बघायला वर ओढली. गळ त्यांनी उन्हात धरून निरखला.

"ही गाठ कुणी बांधली?"

"तुम्ही. दुसरं कोण बांधणार?"

"मी अशी बांधत नाही."

ते खरं होतं. दाजी गाठीवर गाठ, त्यावर आणखी एक गाठ मारून शेपटासारखं टोक सोडून द्यायचे. गाठीवर त्यांचा विश्वास नसायचा. या गाठीला पाच वेढे होते, एकाला एक चिकटून, आणि टोक अगदी बेताने कापलेलं.

"तू बांधलीस," दाजी म्हणाले. "मी डोळे मिटले तेव्हा."

मी पायांकडे बोट दाखवलं. मला बुटाची नाडी नीट बांधता येत नाही, म्हणून मी बिननाडीचे बूट घालतो. हे दाजींना लग्नापासून ठाऊक आहे.

मी कारणं शोधली. दोरी पिळली गेली असेल. प्रवाहाने वेढे पडले असतील. बोलताना मला ते पटतही होतं. पण प्रवाहाला कात्री कुठून मिळाली, हे दाजींनी विचारलं तेव्हा मी विषय बदलला.

३

पुढच्या रविवारी आमिष बदलून आलं.

दाजींनी अख्खा बांगडा लावला होता. वर आली ती त्याची लांब, तिरकी कापलेली एक पट्टी. एका टोकाला गळात अडकवलेली, दुसरं टोक मोकळं. शिवाय शिसं दोरीच्या अगदी टोकाला गेलं होतं, आणि गळ त्याच्यावर हातभर अंतरावर, एका आखूड फाट्याला बांधलेला.

मी ते दुकानात नेऊन दाखवलं. बाईंनी चष्मा पुसला.

"हे मी तुम्हाला वर्षभर सांगतेय," त्या म्हणाल्या. "शिसं तळाला टेकतं, गळ वर मोकळा राहतो, पट्टी पाण्यात फडफडते. शेवटी ऐकलंत म्हणायचं. कुणी बांधलं?"

"मास्तरांनी," मी म्हणालो. खोटं बोललो असं मला वाटलं नाही. कोणते मास्तर, ते मी सांगितलं नव्हतं.

आम्ही तसंच बांधून सोडलं आणि त्या दिवशी सात मासे मिळाले. पुढच्या वेळी अकरा. ताईने अर्धे शेजारी वाटले, आणि वाटताना आमच्याबद्दल चार बरे शब्दही बोलली, असं शेजारणीकडून कळलं. दाजी धक्क्यावरून छाती काढून चालायला लागले.

पण होडीत ते वेगळेच असायचे. दोरी वर येईपर्यंत ओठ मिटून बसायचे. वर आली की चष्मा चढवून गाठ निरखायचे. मला ते बसणं ओळखीचं होतं. छापखान्यात नवे लेखक तपासलेलं मुद्रित परत घ्यायला यायचे ना, तसं.

खाली कोणी तरी होतं, आणि त्याला चुकीची गोष्ट हातात आली की ती तशीच परत देणं जमत नव्हतं. हा आजार मला नीट माहीत आहे. मी आजवर हॉटेलच्या दरपत्रकातल्या वेलांट्या दुरुस्त करून आलोय.

४

मी म्हटलं, प्रयोग करू. मुद्दाम चूक करून पाठवू.

दाजींनी माशाचा तुकडा गळाला लाल दोऱ्याने शिवला. वेडेवाकडे टाके घातले. एक लांब, एक आखूड. हे करताना त्यांचा जीव वरखाली होत होता. "पन्नास वर्षांत असं काम दुकानाबाहेर गेलं नाही," ते पुटपुटले. मी घड्याळ लावून बसलो.

दहा मिनिटांनी दोरीला तीन हलके झटके बसले. माशाचा झटका धसमुसळा असतो. हे झटके दारावर टकटक करावी तसे होते.

तुकडा वर आला. लाल टाके उसवून पुन्हा घातलेले होते. उरलेला दोरा शिशाभोवती नीट गुंडाळलेला होता.

दाजींनी खिशातून टेप काढला. टाके मोजले. पुन्हा मोजले.

"इंचाला बारा," ते म्हणाले. "ओल्या माशावर. इंचाला बारा."

परत येताना वल्ही मीच मारली. धक्का जवळ आला तेव्हा ते हळूच म्हणाले, "पंडित, माझा हात पंचविशीत असा होता. आता नाही राहिला. आता नऊ पडतात."

आमची खरी चूक कुठली, असं कुणी विचारलं तर मी ही सांगतो. तोपर्यंत खालच्याला फक्त मासेमारी ठाऊक होती. शिवणकाम त्याला आम्ही पाठवलं.

५

त्यानंतर दाजींनी मासे धरणं सोडलंच. मी एका बाजूने गळ टाकायचो आणि दुसऱ्या बाजूने ते आपले नमुने सोडायचे. काज केलेला कापडाचा तुकडा. खिशाची पट्टी. एक कॉलर. सगळं मेणकापडाच्या पिशवीत, शिसं बांधून. तीन झटके बसले की वर ओढायचे आणि एखाद्या पोरासारखे हरखून जायचे, नाही तर हिरमुसायचे.

"कॉलरचं टोक उलटून दिलंय बघ. मी टोकाशी कापड कापत नव्हतो. म्हणून जाड व्हायचं! पन्नास वर्षं जाड व्हायचं!"

ते त्याला मोठे मास्तर म्हणू लागले. मला ते आवडलं नाही.

"दाजी, ते कोण आहे, काय आहे, आपल्याला माहीत नाही."

"तुला चांगलं काम दिसत नाही का?"

"दिसतं. पण अकरा वाव पाण्याखाली सुई घेऊन कोण बसतं?"

"ज्याला कुणी त्रास द्यायला येत नाही, तो," दाजी म्हणाले, आणि माझ्याकडे असं बघितलं की मी गळाकडे वळलो.

एकदा त्यांनी रुमालाएवढा तपकिरी कापडाचा तुकडा सोडला. हिरव्या बारीक चौकडीचा. ताईच्या कोटातला उरलेला. चौकडीचं कापड शिवणीवर जुळवणं सगळ्यात अवघड असतं, मोठे मास्तर काय करतात बघू, असं त्यांचं म्हणणं. तीन झटके बसले. वर फक्त शिसं आलं.

तुकडा ठेवून घेतला होता. आजवर तिथून काही परत आलं नाही, असं झालं नव्हतं.

६

त्याच्या पुढच्या रविवारी दाजींच्या दोरीला दुसरी एक दोरी बांधून आली. आमची नव्हे. काळपट, गुळगुळीत, वाळूनही ओलसर लागणारी. तिच्यावर ठरावीक अंतरावर गाठी होत्या आणि गळ एकही नव्हता.

दाजी खूश झाले. मोठ्या माशासाठी खास काहीतरी शिकवलंय, असं त्यांना वाटलं. आम्ही तडक दुकानात गेलो. बाईंनी ती काचेवर पसरली. बोट लावलं आणि लगेच पदराला पुसलं.

"गळ कुठे बांधणार याला? शिसं कुठे?" त्या म्हणाल्या. "मास्तर, याने काही धरायचं नाही. हे मोजायचं आहे. आणि हे माझ्या काचेवरून उचला."

दाजींच्या खोलीत शिवणयंत्राशेजारी एक लांब मेज आहे. त्यावर त्यांनी दोरी ताणली आणि शेजारी टेप. मी वही घेऊन आकडे लिहीत गेलो. पहिली गाठ साडेपंधरा इंचांवर. तिथून दुसरी, बावीस. मग चाळीस. मग अडतीस. मग बेचाळीस.

बावीसपाशीच दाजी आकडे हळू वाचायला लागले होते.

"खांदा," ते म्हणाले. "बाही. छाती. कंबर. कोटाची उंची."

"कुणाची?"

त्यांनी कपाटातून गिऱ्हाइकांच्या मापांची जुनी वही काढली. पानं उलटायची गरज नव्हती. खूणच घातलेली होती. ताईचं पान. खांदा साडेपंधरा, बाही बावीस. पण छाती अडतीस आणि कंबर तेहतीस.

"नाही जमत," मी सुटकेचा श्वास टाकला. "छाती जमत नाही, कंबर तर पाच इंचांनी चुकलीय."

तेवढ्यात ताई चहा घेऊन आत आली. तिला सांगायचं नाही असं आमचं डोळ्यांनी ठरलं होतं. पण ती कप ठेवता ठेवता माझ्या वहीत डोकावली.

"हे बरोबर लिहिलंय," ती म्हणाली. "कुणी घेतलं माझं माप?"

दाजींनी मापांची वही मिटली.

"वीस वर्षं सांगतेय, कोटाचं बटण लागत नाही. हे म्हणतात, लागायला पाहिजे, वहीत तेहतीस आहे. माझी कंबर वहीत बघून वाढते का? कधी घेतलंत तुम्ही माप? झोपेत?"

दाजींनी टेप उचलला आणि तिच्या कमरेभोवती धरला. अडतीस. अगदी टेकून अडतीस.

माझ्या हातातली पेन्सिल खाली पडली. तिचा आवाज त्या खोलीत जरा जास्तच मोठा झाला.

७

सगळं ऐकल्यावर ताई घाबरेल असं मला वाटलं होतं. ती चिडली.

"ओळख ना पाळख, आणि माझं माप घेतोय! मला न्या तिकडे. तोंड तरी बघू दे."

"तू येऊ नको," मी म्हणालो. "आम्ही दोघं जाऊन दोरी परत करून येतो. सोबत चिठ्ठी सोडू, की यापुढे आपला व्यवहार बंद."

"चिठ्ठीत मायना काय लिहिणार?" दाजींनी विचारलं. "'माननीय' की नुसतं 'महाशय'?"

यावर आम्ही अर्धा तास वाद घातला. आज आठवलं की लाज वाटते. तेवढ्यात ताई जुना कोट चढवून, बटणं उघडी सोडून, पिशवी घेऊन दारात उभी होती. तिला अडवणं आम्हाला कधीच जमलेलं नाही.

सकाळचे अकरा वाजले असतील. ऊन स्वच्छ होतं, वारा नव्हता, पाणी ताटासारखं सपाट. बोयाजवळ एक समुद्रपक्षी नेहमी असायचा, तो नव्हता. ताई मधल्या फळीवर बसली. दाजींनी गाठींची दोरी शिशाला बांधली आणि आपल्या दोरीने सोडली. मी वल्ही हातातच ठेवली.

"आता सोडून द्या आणि चला," मी म्हणालो.

"थांब जरा," दाजी म्हणाले. "पोचू तरी दे."

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी नजर चुकवली. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की दाजी दोरी परत करायला आलेलेच नव्हते.

"दाजी, खरं सांगा."

"मला फक्त बाही बघायची होती रे," ते म्हणाले. "चौकडी खांद्यावर कशी जुळवतात, एवढंच. एकदाच बघायचं होतं."

दोरी सैल पडली. झटके बसले नाहीत. खालून कुणीतरी वर येत होतं, त्याला बोलवायची गरज उरली नव्हती.

तिथे पाणी तीन हातांपर्यंत स्वच्छ दिसतं, त्याखाली हिरवं होतं. त्या हिरव्यातून आधी पाठ वर आली. तपकिरी, बारीक हिरव्या चौकडीची. पूर्ण कोट. आम्ही रुमालाएवढा तुकडा पाठवला होता. पांढऱ्या दोऱ्याचे लांब कच्चे टाके घातलेले, पहिल्यांदा अंगावर घालून बघायला असतात तसे. बाह्यांत पाणी भरून त्या हळूहळू फुगत होत्या. पाण्याखाली हातभर अंतरावर तो कोट थांबला आणि सावकाश फिरला, म्हणजे पुढची बाजू दिसावी. शिंपी गिऱ्हाइकाला दाखवतो तसा.

आत कुणी नव्हतं. हे मी नीट बघितलं. पण दोन्ही खांद्यांवर कापड चिमटीत धरलेलं होतं. त्या चिमट्या दिसल्या. बोटं किती होती ते मी मोजलं नाही, असं मी सगळ्यांना सांगतो.

"चौकडी जुळलीय," दाजी म्हणाले. त्यांचा आवाज देवळात निघावा तसा निघाला. "खांद्यावरसुद्धा."

"बाह्याही बरोबर आहेत," ताई म्हणाली.

ती असं शांतपणे म्हणाली की मी वळून बघितलं. तिने जुना कोट काढून फळीवर ठेवला होता. पाण्याकडे पाठ करून ती होडीच्या काठावर कलली होती, आणि उजवा हात तिने मागे, खाली नेला होता. कुणी मागे कोट धरून उभं असलं की आपण हात नेतो तसा. होडी तिच्या बाजूला झुकली. पाणी काठाला लागलं.

"दाजी!" मी ओरडलो.

दाजी बाही बघत होते.

मी दोनदा ओरडलो असेन. वल्ही टाकून उठलो असतो तर होडी उलटलीच असती, म्हणून मी बसून राहिलो. हे मला अजून खुपतं. ताईची बोटं पाण्यात गेली. बाहीचं तोंड हळूच उघडलं आणि तिच्या बोटांकडे आलं, तिला फार वाकावं लागू नये एवढं.

आणि मग दाजींनी एक गोष्ट पाहिली. काय ते त्यांनी मला नंतर सांगितलं. ताई थंडीने कुडकुडत होती आणि तिला ते कळत नव्हतं.

त्यांनी तो जुना, बटण न लागणारा कोट उचलला, तिच्या खांद्यांवर टाकला, आणि तिचा हात मनगटाला धरून वर ओढला. डाव्या हाताने खिशातली कात्री काढून दोरी कापली.

"ते गिऱ्हाईक माझं आहे," ते पाण्याला म्हणाले. शब्द धंद्यातले होते. "दुसऱ्याच्या गिऱ्हाइकाला हात लावत नसतात, मास्तर."

मी जन्मात मारली नसतील इतक्या जोरात वल्ही मारली. कोट खाली गेला की नाही ते मला माहीत नाही. मी मागे बघितलं नाही. फक्त आवाज येत होता. ताई बसली होती त्या फळीखाली, होडीच्या तळाला बाहेरून, टक, टक, टक. सुई टोचू नये म्हणून शिंपी बोटात धातूची टोपी घालतात, तिच्यासारखा. घाई नव्हती त्यात, राग नव्हता. धक्क्याच्या पायऱ्यांना होडी लागेपर्यंत तो आवाज सोबत आला. मग थांबला.

"काय झालं रे?" ताईने पायरीवर पाय ठेवताना विचारलं. "माझा हात का ओला आहे?"

८

होडी आम्ही अंगणात आणून उलटी घातली. ताई तिच्यावर पायपुसणी आणि सतरंज्या वाळत टाकते. एकदोघांनी ती विकत मागितली, पण दाजींनी दिली नाही. दुकानातल्या बाईंना मी जेवढं सांगण्यासारखं होतं तेवढं सांगितलं. त्या आता गिऱ्हाइकांना विचारतात, कुठे चाललात. आणि लाल बोयाचं नाव निघालं की म्हणतात, तिथे तळाला खडक आहेत, फुकट गळ जातील. त्यांचा शब्द कुणी मोडत नाही. फक्त आम्हीच मोडायचो.

आठवडाभर दाजी शिवणयंत्राजवळ गेले नाहीत. मग एका दुपारी त्यांनी ताईला खोलीत बोलावलं. मी बाहेर पेपर वाचत बसलो होतो, दार उघडंच होतं.

"सरळ उभी राहा."

"सरळच उभी आहे. वयच वाकडं झालंय."

"हात पसर."

त्यांनी सगळं माप नव्याने घेतलं. पुटपुटत घेतलं, वहीत लिहिलं, जुनं पान फाडून टाकलं. ताई कधी नव्हे ती न हलता उभी होती. कंबर घेताना मात्र म्हणाली, "मोठ्याने नका वाचू, तो बाहेर बसलाय."

कोट महिनाभर चालला. नवं कापड, साधं, एका रंगाचं, चौकडी नाही. दाजींचा हात आता खरोखर थरथरतो, त्यामुळे त्यांनी तीनदा उसवला. शेवटी ताईने घालून आरशासमोर उभं राहून पाहिला. बटणं लागली. पण डावा खांदा अर्धा इंच उतरला होता, आणि एक बाही दुसरीपेक्षा बोटभर लांब होती. मला दारातून दिसलं. दाजींनाही दिसलं. त्यांचा चेहरा पडला.

"काढ तो," ते म्हणाले. "खांदा उसवून नीट करतो. अर्ध्या दिवसाचं काम आहे."

ज्या बाईने वीस वर्षं एका बटणावरून त्यांना बोल लावले होते, ती आरशात स्वतःकडे बघत राहिली. मग तिने लांब बाही दुमडून मनगटावर घेतली आणि कोटाची सगळी बटणं, गळ्यापर्यंतची, एकेक करून लावली.

"हात लावू नका याला," ती म्हणाली. "अगदी बरोबर बसणारं काही आता मला नको."